सही आणि शिट्टी

पुण्यात काय नाही, असं कुणी विचारलंच, तर खरा पुणेकर बराच वेळ आठवल्यासारखं करतो आणि मग "समुद्र" असं म्हणतो. तेही अशा सुरात, की चूक पुण्याची नसून समुद्राची आहे. त्याला यायला जमलं नाही, त्याला आपण काय करणार?

आमच्या सोसायटीपुरती ही उणीव बिल्डरने भरून काढली. फ्लॅट विकताना त्याने माहितीपत्रकात क्लब हाऊस, जॉगिंग ट्रॅक आणि 'बीच व्हॉलीबॉल कोर्ट' असं छापलं होतं. क्लब हाऊसमध्ये सध्या पंपाचे सुटे भाग असतात आणि जॉगिंग ट्रॅकवर स्कूटर लागतात. पण सात वर्षं तगादा लावल्यावर कोर्टाची वाळू मात्र आली. पहिल्यांदा आली ती क्रश सँड, म्हणजे प्लास्टरला वापरतात ती दगडाची भुकटी. तिच्यावर पहिल्या रविवारी ज्यांनी ज्यांनी सूर मारले, त्यांची कोपरं किसलेल्या गाजरासारखी दिसत होती. मग वर्गणी काढून चांगली चाळलेली वाळू आणली. या कोर्टाची लांबी नियमाप्रमाणे सोळा मीटर आणि रुंदी आठ मीटर हवी. आमचं चौदाच मीटर लांब भरतं, कारण पुढे मीटर-रूम आहे. पण मीटर-रूममुळे मीटर कमी पडले, एवढी भाषिक सोय आम्ही गोड मानून घेतली.

खेळाला रेफरी हवा होता आणि तो मी झालो. माझी पहिली पात्रता म्हणजे मला खेळता येत नाही. दुसरी म्हणजे मी बँकेत क्लार्क आहे, आणि बँकेतला माणूस नियमाने चालतो असा अजून काही साध्या लोकांचा समज आहे. शिट्ट्यांचा अनुभव घरात कुकरमुळे होताच.

मी बी.कॉम. माणूस. पुस्तक हातात आलं की आधी अनुक्रमणिका बघतो आणि मग अटी. तसं नियमांचं पुस्तक मी दोनदा वाचलं. वाचल्यावर या खेळाविषयी मला आदर वाटू लागला. व्हॉलीबॉल जन्मला अमेरिकेत १८९५ साली, आणि त्याचं हे वाळूतलं धाकटं भावंड १९९६ साली अटलांटाला ऑलिंपिकमध्ये गेलं. एका बाजूला माणसं दोनच. बदली खेळाडू नाही, म्हणजे रजेवर जायची सोय नाही. आमच्या शाखेसारखंच. पहिले दोन सेट एकवीस गुणांचे आणि तिसरा लागलाच तर पंधराचा. पहिल्या दोन सेटमध्ये दर सात गुणांनी बाजू बदलायच्या, म्हणजे ऊन आणि वारा दोघांच्या वाट्याला सारखे यावेत. हा नियम ज्याने केला त्याच्या हाती मी आमच्या ब्रँचमधली पंख्याखालच्या टेबलांची वाटणी आनंदाने सोपवीन. जाळीवर अडवलेला चेंडू हा एक स्पर्श धरतात. आणि बोटांच्या टोकांनी चेंडू हळूच पलीकडे टाकण्याला इथे साफ बंदी आहे. टाकायचाच तर मुठीने किंवा बोटांच्या पेरांनी टाका, पण गोंजारू नका.

इथवर सगळं ठीक आहे. भांडण आहे ते पुढच्या कलमाचं, आणि हा लेख त्या भांडणासाठीच आहे.

आपल्या जोडीदाराला मारायला सोपा जावा म्हणून दोन्ही हातांच्या बोटांनी चेंडू डोक्यावरून अलगद वर द्यायचा, याला 'सेट' म्हणतात. हा या खेळातला सर्वांत देखणा क्षण. पण अट अशी की, चेंडू पकडायचा नाही, फेकायचा नाही आणि एका हातानंतर दुसरा असा दोनदा लागू द्यायचा नाही. पकडला तर 'लिफ्ट', दोनदा लागला तर 'डबल'. छपराखालच्या व्हॉलीबॉलमध्ये पहिल्या चेंडूला याची बरीच सूट असते. वाळूत मात्र पहिला चेंडूसुद्धा बोटांनी घेतलात तर तो स्वच्छच हवा. फक्त अंगावर आदळणारा जोरदार फटका अडवताना क्षणभर धरला तर चालतो. आता स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ? जोरदार म्हणजे किती जोर? क्षणभर म्हणजे किती? पुस्तक सांगत नाही. पुस्तक म्हणतं, रेफरी बघेल. म्हणजे मी बघेन!

हे कळल्यावर सोसायटीत दोन पक्ष पडले. या दोन्ही पक्षांशी माझं वैर आहे.

पहिला पक्ष मोजणाऱ्यांचा. याचे पुढारी आमच्या तळमजल्यावरचे वकीलसाहेब. त्यांचं म्हणणं, "अंदाज बिंदाज चालणार नाही. हातातून सुटल्यावर चेंडूने दोनपेक्षा जास्त गिरक्या घेतल्या की डबल. मोजा आणि शिट्टी मारा." ऐकायला फार न्याय्य वाटतं. फक्त पुस्तकात गिरक्यांचा आकडा कुठेही नाही. गिरकी हा गुन्हा नाही, फार तर पुरावा आहे, आणि तोही परिस्थितिजन्य. चेंडू मुळातच फिरत आला असेल, तर स्वच्छ हातांतूनही थोडा फिरत जाईल. उलट दोन हात मागेपुढे लागले आणि एकाने दिलेली गिरकी दुसऱ्याने मारली, तर चेंडू हसत हसत सरळ जाईल. मांजराच्या मिशांना दूध लागलेलं दिसलं, तर संशय घ्यायला हरकत नाही. पण ते दूध तुम्हीच बशीत ओतून दिलेलं असू शकतं, हेही लक्षात ठेवावं. गुन्हा हातांजवळ घडतो आणि वकीलसाहेब आकाशात बघून मोजत बसतात.

वकीलसाहेबांना मी माझ्या काउंटरचं उदाहरण दिलं. अठरा वर्षं मी चेकवरच्या सह्या जुळवतोय. लागलो तेव्हा ड्रॉवरमध्ये नमुना सह्यांची कार्डं असायची, आता ती पडद्यावर दिसतात, काम तेच. एक निवृत्त मास्तर दर महिन्याला पेन्शनमधून पैसे काढायला येतात. नमुन्यावरची सही त्यांनी केली तेव्हा ते पन्नाशीत होते. चेकवरची सही ऐंशीच्या घरातल्या हाताची आहे. हात कापतो. 'र' ची शेपटी खाली घसरते. मोजपट्टी लावली तर एकही अक्षर जुळणार नाही, आणि 'सही जुळत नाही' असा शेरा मारून मास्तरांना मी दर महिन्याला घरी पाठवू शकेन. नियमाने माझं काही चुकणार नाही. फक्त मास्तरांचं औषध राहील.

मग मी काय बघतो? पेन कुठे टेकला, कुठे उचलला, कुठे घाई झाली, कुठे सवयीने वळला. हात थकतो, पण हाताची चाल बदलत नाही. आणि गंमत अशी, की सही नमुन्याशी केसागणिक हुबेहूब जुळली, तर आम्ही जास्त सावध होतो. कारण माणूस एकच सही दोनदा करत नाही, गिरवणारा करतो. १८८१ सालच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या दहाव्या कलमात चेकचे पैसे कसे द्यावेत याची व्याख्या आहे. तिथे सहीचे अंश किंवा मिलिमीटर दिलेले नाहीत. सद्भावनेने आणि हयगय न करता द्यावेत, असं आहे. दीडशे वर्षांच्या आसपास या देशातले पैसे या दोन शब्दांच्या भरवशावर इकडून तिकडे जाताहेत. मग चेंडू जायला काय हरकत आहे?

"म्हणूनच यंत्र हवं," वकीलसाहेब म्हणाले. हरलेला वकील अपील करतो तसे ते आता यंत्राकडे अपील करतात.

यंत्राशी माझं भांडण नाही. रेषेच्या आत की बाहेर, हे यंत्राने सांगावं. बिचारं न थकता सांगतं. पण २०२५ साली विम्बल्डनने रेषेवरची माणसं काढून सगळं यंत्रावर सोपवलं, आणि त्याच वर्षी एका सामन्यात ते यंत्र चुकून बंद राहिलं. चेंडू बाहेर पडला, यंत्र गप्प, आणि खुर्चीवरच्या अंपायरने तो गुण पुन्हा खेळायला लावला. बघायची सवय मोडली, की डोळ्यांदेखत घडलेलंही आपलं धाडस होऊन सांगता येत नाही. क्रिकेटमध्ये २००८ साली भारत-श्रीलंका मालिकेत रिव्ह्यूची पद्धत पहिल्यांदा वापरून पाहिली. आज एवढे कॅमेरे लावून, चेंडूचा न घडलेला प्रवाससुद्धा काढून दाखवून, शेवटी पडद्यावर काय येतं? 'अंपायर्स कॉल'! म्हणजे फिरून फिरून भोपळे चौकात. जे मोजता येतं ते मोजून झाल्यावर जे उरतं, ते माणसानेच ठरवायचं असतं.

आता दुसरा पक्ष. हा पक्ष म्हणतो, "रेफरी म्हणेल ती पूर्व दिशा. वाद घालू नका, खेळा." याचे पुढारी आमचे चेअरमनसाहेब. हा पक्ष मला जास्त घातक वाटतो, कारण तो माझ्याच बाजूचा दिसतो.

अहो, रेफरी म्हणेल तेच खरं असतं, तर पुस्तकं लिहिली कशाला? आणि खेळाचे नियम लिहिणं हा तर पुण्याचा जुना धंदा आहे. बॅडमिंटनला एके काळी 'पूना' म्हणत, आणि त्याचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात इथल्या छावणीतल्या गोऱ्या साहेबांनी ठरवले. खो-खो तर आपल्या अंगणातला. १९१४ साली डेक्कन जिमखान्यावर त्याचे नियम बसवायला घेतले, आणि १९३५ साली अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने ते पुस्तकात आणले. त्याआधी खो-खो नव्हता का? होता. पण प्रत्येक आळीचा वेगळा होता, आणि ज्याचं मैदान त्याचा नियम होता.

खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्याच्या दोन खांद्यांमधून जाणारी एक काल्पनिक रेषा मानली आहे. त्याने एकदा दिशा घेतली, की ही खांद्यांची रेषा काटकोनापलीकडे वळता कामा नये. वळली की फाउल. आणि पाहा, वाळूतल्या व्हॉलीबॉलमध्येही बोटांनी चेंडू मुद्दाम पलीकडे द्यायचा, तर तो खांद्यांच्या रेषेशी काटकोनातच गेला पाहिजे, तिरपा नाही. हजारो मैलांवरच्या दोन मैदानांवर माणसांना एकच गोष्ट सुचली: अंग जिकडे, तिकडेच चाल, दाखवायचं एक आणि करायचं दुसरं, हे नको. कोणत्याही पंचाच्या खिशात कोनमापक नसतो. तरीही खो-खो शंभर वर्षं चालला आहे. कारण पंच काय बघणार, हे पळणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं.

माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. अंदाज वाईट नाही. अचानक बदलणारा अंदाज वाईट.

तो काय करतो, हे मी घरात पाहिलंय. आमची कन्या चौदा वर्षांची आहे. तिने चार महिने पार्किंगच्या भिंतीवर रोज शंभर सेट टाकले. भिंतीचा रंग गेला, पण हात बसला. मग एका बाहेरच्या स्पर्धेत गेली. तिथे सकाळच्या रेफरीने तिचे सगळे सेट चालू दिले आणि दुपारच्या रेफरीने तसेच्या तसे चार सेट 'डबल' दिले. त्यानंतर तिने बोटं वापरणंच सोडलं. हात जोडून, मनगटावरून चेंडू उडवायला लागली. तसं देण्यात पाप नाही, मोठमोठे खेळाडूही देतात. पण ती आवडीने देत नव्हती, भीतीने देत होती. निकालाचा भरवसा नसला, की माणूस चुका सोडत नाही, कला सोडतो.

यावर अमेरिकेत एक उपाय निघालाय. तिथल्या कॉलेजांतल्या मुलींच्या छपराखालच्या व्हॉलीबॉलमध्ये, चेंडू आपल्याच बाजूला राहणार असेल तर दुसऱ्या स्पर्शाचा डबल २०२४ पासून गुन्हाच नाही. त्यांचं म्हणणं, असल्या डबलने फायदा कुणाचाच होत नाही, आणि शिट्ट्यांनी खेळाचा मात्र विचका होतो. म्हणणं खोटं नाही. पण मला हा उपाय ढेकूण झाले म्हणून खाट जाळण्यातला वाटतो. ज्या मुलीने चार महिने भिंत रंगहीन केली आणि जिने नाही केली, त्या दोघींत मग फरक काय उरला?

आता शेवटचं सांगतो. हे सांगायचं नव्हतं, पण त्याशिवाय हा लेख लबाडीचा होईल.

सव्वीस जानेवारीला सोसायटीची स्पर्धा होती. कन्या आणि तिची मैत्रीण एका बाजूला, चेअरमनसाहेब आणि त्यांचे भाचे दुसऱ्या बाजूला, आणि उंच स्टुलावर शिट्टी घेऊन मी. मी बरीच समजूत घातल्यामुळे कन्या पुन्हा बोटांनी सेट द्यायला लागली होती. सामना तिसऱ्या सेटमध्ये गेला. चौदा-तेरा, चेअरमन पुढे. कन्येने चेंडूखाली जाऊन सेट दिला. उजवा हात किंचित आधी लागला. मी पाहिलं. मी शिट्टी मारली. डबल! पंधरा-तेरा, खेळ खलास.

टाळ्या पडल्या, त्या माझ्यासाठी! "वा! बापाने पोरीलासुद्धा सोडलं नाही!" कुणीतरी ओरडलं, "रामशास्त्री!" पुण्यात यापेक्षा मोठी पदवी नाही. मी संध्याकाळभर ती अंगावर घेऊन फिरलो. सौभाग्यवतीने ताट वाढताना आमटी जरा दुरूनच ओतली, तेही मी रामशास्त्र्यांच्या शांतपणाने सोसलं.

कन्या दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध पिता पिता म्हणाली, "बाबा, तो डबलच होता."

मी म्हटलं, "बघ, मी म्हणत नव्हतो?"

"पण पहिल्या सेटमध्ये चेअरमनकाकांचा याहून मोठा होता. तुम्ही शिट्टी तोंडाशी नेलीत आणि परत खाली घेतलीत."

वाचकहो, नेली होती. आणि खाली घेतली होती. त्या दोन क्षणांच्या मध्ये माझ्या डोळ्यांपुढे काय आलं, तेही सांगून टाकतो. आमच्या बाल्कनीत कबुतरांनी उच्छाद मांडलाय. ग्रिल लावण्याच्या परवानगीचा अर्ज मी डिसेंबरात दिला होता, आणि त्यावर चेअरमनची सही व्हायची होती.

म्हणजे सह्या जुळवणारा मी एका सहीत अडकलो! पुस्तकाने माझ्यावर जो विश्वास टाकला होता, 'रेफरी बघेल' म्हणून, त्यात बघणं मी बरोबर केलं होतं. सद्भावना तेवढी कमी पडली. मग मला रामशास्त्री आठवले, खरे. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला, त्याचं प्रायश्चित्त त्यांनी राघोबादादांना देहान्त सांगितलं आणि पुणं सोडून गेले. खुर्चीवर बसलेल्या पेशव्याला तोंडावर सांगितलं म्हणून ते रामशास्त्री. घरच्या पोरीवर शिट्टी मारायला रामशास्त्री लागत नाही. ती रुसेल आणि दोन दिवसांनी बोलेल, एवढाच धोका. आपल्या माणसाशी कडक वागणं हे न्यायाचं सर्वांत स्वस्त नाटक आहे, आणि त्याला टाळ्या मात्र सर्वांत जास्त पडतात.

पुढच्या रविवारी मी नोटीस बोर्डावर तीन ओळी लावल्या. एक: सामन्याआधी रेफरी तीन सेट टाकून घेईल, आणि कोणता चालेल व कोणता नाही, ते दोन्ही बाजूंना दाखवेल. दोन: पहिल्या गुणाला जो माप तोच शेवटच्या गुणाला. तीन: दिसलं तरच शिट्टी, संशयावरून नाही, आणि गिरक्या मोजून तर मुळीच नाही. वकीलसाहेबांनी 'माप' पुल्लिंगी नसून नपुंसकलिंगी आहे, एवढीच हरकत घेतली. ती रास्त होती. मी खोडून दुरुस्त केलं.

त्याच दिवशी पहिल्या सेटच्या चौथ्या गुणाला चेअरमनसाहेबांनी सेट दिला. डावा हात आधी, उजवा नंतर. मी शिट्टी मारली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ग्रिलचा विचार माझ्या मनात नव्हता असं मी म्हणणार नाही. होता. पण शिट्टी वाजून गेली होती.

कन्या रेषेबाहेर उभी होती. टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. पुढच्या सामन्यात तिने पहिल्याच चेंडूला बोटं लावली.

माझा अर्ज अजून चेअरमनसाहेबांच्या टेबलावर आहे. बाल्कनीत कबुतरं येतात. येवोत.